रिळांचं खटलं

रीळ म्हटलं की मला आपलं शिलाईचं मशीन आठवतं. टेक्सासात लेकीकडे कळलं, की रिळाने बास नावाचा मासाही धरतात आणि जावईबापूंकडे अशी सात आहेत! प्रत्येक खोट्या आमिषाला वेगळं. क्रँकबेट सावकाश ओढायचं म्हणून हँडलच्या एका फेऱ्याला स्पूलचे पाच, जिगला सात.

का हो? सातवालं हळू फिरवलं तर पोलीस धरतात? मनगट जरा कुरकुरेल. कुरकुरू दे!

पैसे घालायचेच तर स्पूलवर घाला. जड स्पूलला हलकं आमिष बांधलं की ते आधी हलत नाही, मग थांबत नाही. आमिष पाण्यात पडलं तरी दोरा सुटतोच आहे! मी अर्धा रविवार तो गुंता सोडवलाय. तिथे हवं हलकं, उथळ स्पूल. दोरा बेताचा, वर अंगठा. अंगठा फुकट मिळतो, म्हणून दुकानदार त्याचं नाव काढत नाही.

जॉर्जियात जॉर्ज पेरीने २२ पौंड ४ औंसांचा बास धरला तो १९३२ साली. कुठे होतं तेव्हा सातवालं?

जावईबापू कुजबुजले, "बाबा, हळू बोला. आठवं कालच आलंय. तिला सांगितलेलं नाही."