चूक सरकारची, तर शुल्क कशाचे?




गोव्याच्या प्रादेशिक आराखडा 2021 मध्ये चुका राहिल्या, म्हणून एकेका जमिनीचा झोन बदलावा लागतो, असे सरकारपक्ष सांगत आला आहे. चुका आहेत, हे मान्य. पिढ्यान्‌पिढ्या नांदती घरे नकाशावर बागायतीत दाखवली गेली. त्या कुटुंबाला एक खोली वाढवायची तरी अडचण. त्यांना न्याय मिळायलाच हवा. पण त्यांच्या आडून जे चालले ते वेगळेच.

2023 मध्ये नगर नियोजन कायद्यात 17(2) हे कलम आले. अनवधानाने झालेल्या चुका आणि विसंगत झोन सुधारणे हा त्याचा सांगितलेला हेतू. त्यासाठी अर्ज करायचा होता जमीनमालकाने आणि चौरस मीटरच्या हिशेबाने शुल्कही भरायचे होते त्यानेच. नकाशा चुकला सरकारचा, तर पैसे मालकाने का मोजावेत? आणि अर्ज करील त्याचीच चूक दुरुस्त होणार असेल, तर ज्या म्हातारीला असे काही कलम आहे हेच ठाऊक नाही, तिच्या घराचे काय? वकील आणि आर्किटेक्ट हाताशी असणाऱ्याला हा रस्ता सोपा. ज्याच्या नावाने कायदा केला, तो दारातच उभा.

‘विसंगती’चे कारण तर अधिकच मोकाट. भातशेतीतला एक तुकडा सेटलमेंट (वस्तीचा) झोन झाला, की त्याला लागून असलेला तुकडा विसंगत ठरवता येई. मग त्याच्या पलीकडचा. खाडीकाठच्या खाजन जमिनीत तर बांध आणि मानशी (पाण्याची दारे) साऱ्या शेतकऱ्यांच्या सामाईक. एकाने भराव टाकला की पाणी दुसऱ्याच्या शेतात तुंबते. नकाशावर मात्र एकाच सर्व्हे नंबरचा रंग बदललेला असतो.

याच सरकारने त्याच 2023 साली भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर निर्बंध घालणारा कायदा केला. चांगला कायदा! पण झोन बदलून शेताला शेत म्हणणेच थांबवले, तर निर्बंध राहतो कशावर?

मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2 जानेवारी 2025 रोजी 17(2) खालचे नियम रद्द केले आणि या कलमाची व्याप्तीही आवळली. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याआधीच, 2024 मध्ये, 39अ कलम येऊन बसले होते. त्याला चूक झाल्याचे निमित्तही लागत नाही. कोणाचीही लेखी विनंती, हरकतींसाठी 30 दिवसांची सूचना, मग नगर नियोजन मंडळाची आणि सरकारची मंजुरी. सूचनेतला सर्व्हे नंबर वाचून आपल्या वाड्यावरची नेमकी कुठली जागा हे ओळखायला तलाठ्याचीच नजर हवी.

2011 चा प्रादेशिक आराखडा लोकांनी आंदोलन करून 2007 मध्ये रद्द करायला लावला. त्यानंतर 2021 च्या आराखड्याचे नकाशे गावोगावी गेले, ग्रामसभांतून सूचना आल्या. अख्ख्या गावाने बसून पाहिलेला नकाशा एकाच्या अर्जावर फिरणार असेल, तर लोकांना विचारले कशाला?

माझी मागणी साधी आहे. चुकांची पंचायतवार यादी सरकारने स्वतः करावी. आराखडा लागू झाला त्या दिवशी तिथे कायदेशीर घर उभे होते का, एवढेच पाहावे. असेल, तर घर आणि अंगणापुरती दुरुस्ती, तीही विनाशुल्क, ग्रामसभेपुढे यादी वाचून. बाकीचे झोन बदल साऱ्या राज्याच्या आराखड्याचा फेरविचार होईल तेव्हा. गुंतवणूक आटेल, ही ओरड मला पटत नाही. झोन पाहून जमीन घेणाऱ्याचे यात काहीच बिघडत नाही. बिघडते ते शेताच्या भावात घेऊन बंगल्यांच्या भावात विकणाऱ्याचे.

वाचकांना विनंती, की येत्या ग्रामसभेत आपापल्या गावातील झोन बदलांची यादी सर्व्हे नंबर आणि नकाशासह लेखी मागावी.

– एक वाचक, फोंडा