न लावलेली पाटी

1999 सालच्या 31 डिसेंबरच्या रात्री न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअर चौकात जमलेल्या अफाट जनसमुदायाला मान वर करून जे दिसत होते, आणि सीबीएस या प्रसारणसंस्थेचे वृत्तनिवेदक डॅन रादर यांच्या पाठीमागे अमेरिकेतील घरोघरच्या पडद्यांवर त्याच घटकेला जे दिसत होते, त्यांत एका पाटीचा फरक होता. चौकात एनबीसी या प्रतिस्पर्धी संस्थेचे चिन्ह आणि बडवायझर बिअरची जाहिरात झळकत होती, पडद्यावर त्या जागी सीबीएसची स्वतःचीच जाहिरात होती. शिडी लावून कोणी जुनी पाटी उतरवली नव्हती की नवी चढवली नव्हती. चौकातून निघालेले चित्र प्रेक्षकापर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर, पापणी लवावी तेवढ्या अवकाशात, हा फेरफार झाला होता.

पुढच्या जानेवारीत न्यूयॉर्क टाइम्सने हे प्रकरण छापले, तेव्हा हेही उघड झाले, की सीबीएसच्याच सकाळच्या कार्यक्रमात इमारतींच्या भिंतींवर आणि एका घोडागाडीच्या पाठीवरही असली चिन्हे उमटवण्यात आली होती. रादर यांनी चूक झाल्याची कबुली दिली, आणि वृत्तनिवेदकाच्या तोंडून सहजासहजी न निघणारी ती कबुली त्यांच्या पदरी जमा केलीच पाहिजे.

ही करामत करणारे यंत्र न्यू जर्सीतील प्रिन्स्टन व्हिडिओ इमेज या कंपनीचे होते, आणि मुळात ते क्रीडांगणासाठी सिद्ध झाले होते. असल्या यंत्रांची रीत कळली म्हणजे त्यांतील बुद्धीला दाद द्यावीशी वाटते. कॅमेरा किती वळला, किती कलला, भिंग किती जवळ आले याची नोंद क्षणोक्षणी संगणकाकडे जाते. मैदानाचा आराखडा त्याच्यापाशी आधीच असतो. त्यावरून, अमेरिकी दूरचित्रवाणीच्या हिशेबाने सेकंदाला सुमारे 30 वेळा, ती काल्पनिक पाटी प्रत्येक चित्रात नव्याने त्याच जागी, त्याच तिरकसपणे बसवली जाते. खरी मेख पुढे आहे. पाटीसमोरून खेळाडू धावत गेला तर तो पाटीच्या पुढे दिसला पाहिजे, मागे नव्हे. म्हणून अमुक हिरवे ते गवत, त्यावर चित्र उमटवण्यास मुभा, आणि अमुक रंग तो गणवेशाचा किंवा कातडीचा, त्याला हात लावू नये, असा रंगांचा जणू सरहद्द-नकाशाच संगणकाला आखून द्यावा लागतो. चिखल झाला किंवा बर्फ पडले, की त्या सरहद्दी धूसर होतात आणि कारागिरांची त्रेधा उडते.

हेच शास्त्र वापरून 1998 च्या सप्टेंबरात अमेरिकन फुटबॉलच्या प्रक्षेपणात मैदानावर एक पिवळी रेघ उमटली, आणि तिच्याविरुद्ध तक्रार करण्याचे मला तरी काही कारण दिसत नाही. कारण ती रेघ खेळ समजावून देण्यासाठी आहे, आणि तशी रेघ गवतावर कोणी ओढलेली नाही हे पाहणारा प्रत्येक जण जाणतो. क्रिकेटच्या मैदानावर रंगाने काढलेली ती लांबट, वेडीवाकडी अक्षरेही मला सह्य वाटतात. मुख्य कॅमेऱ्यातून ती उभ्या फलकासारखी भासतात खरी, परंतु दृश्य दुसऱ्या कॅमेऱ्यावर गेले, की गवतावर आडवी पसरलेली ती अक्षरे आपले बिंग आपणच फोडतात. संगणकाची पाटी मात्र कॅमेऱ्याबरोबर वळते, त्याच्याबरोबर झुकते, आणि कधी सापडलीच तर केवळ यंत्राच्या चुकीने सापडते.

आपल्या खेड्यांतून हिंडणारा बहुरूपी फौजदाराचा वेष घेऊन ओसरीवर येई, घरधन्याला दरडावी, पकडून नेण्याची धमकी देई, आणि बायकापोरांची पुरेशी घाबरगुंडी उडाल्यावर हसून आपले खरे रूप सांगे. बिदागीसाठी त्याचा हात पुढे येई तो त्यानंतर. सोंग हुबेहूब वठले पाहिजे हा त्याचा अभिमान होता, पण सोंग उघड केल्यावाचून मोबदला मागू नये हा त्याच्या पेशाचा रिवाज होता. या नव्या बहुरूप्याची बिदागी सोंग शेवटपर्यंत उघडे पडू नये यासाठीच ठरलेली असते, आणि तीही प्रेक्षकाकडून नव्हे, परस्पर तिसऱ्याच इसमाकडून वसूल होते.

आपल्याकडील 1994 च्या केबल दूरचित्रवाणी नियमांतील सातव्या नियमात असे कलम आहे, की जाहिरात कार्यक्रमापासून स्पष्टपणे वेगळी ओळखता आली पाहिजे आणि तिने कार्यक्रमात कोणत्याही प्रकारे व्यत्यय आणू नये. जाहिरातींचा काळ तासाला 12 मिनिटांच्या वर जाऊ नये, असाही त्यात दंडक आहे. नियम लिहिणाऱ्यांच्या नजरेसमोर पडद्याच्या तळाशी धावणाऱ्या अक्षरपट्ट्या होत्या, तसा त्यांचा उल्लेखही कलमात आहे. चालू खेळाच्या पोटातच घातलेल्या पाटीची मिनिटे कोणत्या घड्याळाने मोजावयाची? व्यत्यय नाही असे तिचे पुरस्कर्ते म्हणतील, आणि ते खरेच आहे; परंतु ज्या कारणाने व्यत्यय होत नाही त्याच कारणाने ती ओळखताही येत नाही, आणि कलमाच्या दोन अटींपैकी एक पाळण्यासाठी दुसरी मोडण्याची मुभा त्यात कोठेही दिलेली नाही.

माझी मागणी लहान आहे. अशी पाटी पडद्यावर असेल तोवर एका कोपऱ्यात ‘प्रत्यक्ष स्थळी नाही’ एवढे तीन शब्द असावेत. आणि वृत्ताच्या प्रसारणात तर तेवढ्यानेही भागू नये, तेथे अशी पाटी मुळी असूच नये, कारण ती फीत उद्या दप्तरखान्यात जाते आणि त्या रात्री चौकात काय होते याचा पुरावा म्हणून तीच काढली जाते. व्यवसायातील एका जाणत्या गृहस्थांपुढे मी हे तीन शब्द ठेवले, तेव्हा ते म्हणाले, “असे लिहिले तर ती जागा घेणार कोण?”

— प्रेक्षक