पोरांची सरासरी

सोयाबीनचा हंगाम आला की कारंज्याच्या मार्केटात जाऊन बघा. प्रत्येक ढिगात हात घालतात. मशीन लावून ओल मोजतात. काडीकचरा बघतात, डागी दाणा बघतात, आणि ढिगागणिक भाव फुटतो. आज आलेल्या सगळ्या ढिगांची सरासरी काढू अन् एकच भाव देऊ, असं कोणी म्हणत नाही. म्हटलं तर शेतकरी मार्केट बंद पाडतील. पोरांचं मात्र बिनबोभाट तसंच चाललंय.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनं २०१५-१६ ला सांगितलं, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३४.४ टक्के पोरं वयाच्या मानानं खुजी आहेत. २०१९-२१ ला सांगितलं, ३५.२ टक्के. कमी वजनाची ३६ टक्के होती, ती ३६.१ झाली. रक्त कमी असलेली ५३.८ वरून ६८.९ वर गेली. मधेच ८ मार्च २०१८ ला पोषण अभियान वाजतगाजत सुरू झालं होतं. हे एका श्रीमंत राज्याचे आकडे आहेत, हे ध्यानात ठेवा.

याच पाहणीचं जिल्ह्याचं पत्रक निघतं. वाशीमचंही निघालं. १०४ निर्देशक. संडास आहे, स्वयंपाकाचा गॅस आहे, बायकांचं शिक्षण आहे. जात नाही. देशाच्या जाडजूड अहवालात जात आहे. दलित-आदिवासींची पोरं बाकीच्यांपेक्षा जास्त खुजी आहेत हे तिथं छापलेलं आहे. म्हणजे दिल्लीत असलेली जात वाशिमात येईस्तोवर गळून पडते. जिथं ती रोज भोगावी लागते, पाण्यावर, मजुरीवर, शाळेच्या पंगतीत, तिथल्याच कागदावर तिचा पत्ता नाही. वा रे हिशेब!

साहेबलोक सांगतात, जिल्ह्यात आम्ही काहीशे घरं घेतो, त्यात जातवार टक्के काढले तर आकडा डळमळतो. शास्त्र म्हणून खरं आहे. पण मग घरं वाढवा ना! कारंज्यावरून समृद्धी महामार्ग गेला तेव्हा काय नमुना घेतला होता? ७०१ किलोमीटरची जमीन आर अन् आर मोजली. तिथं घ्यायचं होतं. इथं द्यायचंय, म्हणून नमुना.

२०१८ साली नीती आयोगानं वाशीमला आकांक्षित जिल्ह्यांत घातलं. नाव बघा, आकांक्षित! भुकेला किती गोड नाव मिळालं. जिल्ह्यांचे नंबर लागतात, नंबर वर गेला की सत्कार. कोणत्या वस्तीतलं पोरगं वर गेलं, ते विचारायचं नाही.

बाबासाहेबांनी असं मोजलं नव्हतं. १२ मार्च १९२७ ला मुंबई कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी प्राथमिक शाळेतली पोरं वर्गवार मांडली. पुढारलेल्या हिंदूंत हजारी ११९, मागासवर्गात १८. सगळ्यांची मिसळ केली असती तर ते १८ कोणाला दिसलेच नसते. आपला वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता, पण हिशेब आपलाच होता.

मागं वस्तीत वजनाच्या दिवशी उभा होतो. अंगणवाडीच्या बाईनं पोरगं काट्यावर ठेवलं, आकडा मोबाईलात घातला. पोराची आजी म्हणे, "बाई, दर महिन्याले मोजता. मोजून मोजून वाढते का हे?" बाई म्हणाली, "माय, मी काय करू? माह्या हातात काटाच हाय." तिच्यावर खापर फोडू नका. इंग्रजी अॅप तिच्या गळ्यात मारलं म्हणून २०२१ च्या ऑगस्टात राज्यभर बायांनी सरकारी मोबाईल परत केले. ४ डिसेंबर २०२३ पासून पगारासाठी त्याच बाया संपावर बसल्या. तीसुद्धा आपलीच आहे.

आता जातगणना होणार, ३० एप्रिल २०२५ ला केंद्र सरकारनं जाहीर केलं. होऊ द्या, हवीच. पण शिरगणतीत डोकी मोजतात, पोरांचे दंड नाही.

सहा महिने ते पाच वर्षांच्या पोराच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली असला तर ते तीव्र कुपोषण. ही पट्टी धरायला डिग्री लागत नाही. नागपूर-पुण्याच्या हॉस्टेलात बसून क्रांतीवर वाद घालणाऱ्या दोस्तांनो, दिवाळीला घरी जाल तेव्हा अंगणवाडीच्या बाईसंगं दोन दिवस बसा. आईला विचारून पट्टी लावा. पोराचं नाव लिहू नका, ते चव्हाट्यावर आणायचं कारण नाही. वस्तीचं नाव लिहा. बौद्धपुरा वेगळा, मातंगवस्ती वेगळी, तांडा वेगळा, पारधी बेडा वेगळा. वरच्या आळीचंही लिहा, नाहीतर तुलना कशाशी करणार? आणि साडेअकराच्या खालचं पोरगं सापडलं तर आधी त्याला दवाखान्यात न्या. वही मागून.

मग ती वही घेऊन जिल्हा परिषदेत जा. ते म्हणतील, हे अधिकृत नाही. सांगा त्यांना, बरं, तुमचं अधिकृत माप घेऊन आमच्या वस्तीत या. काटा आमच्यासमोर लावा, जातीचा रकाना ठेवा, आणि निघालेला आकडा समाजमंदिराच्या भिंतीवर लिहून जा.