बँकेची पाटी कोरी, शेतकऱ्याची का नाही?



२०१२ मध्ये आपली बुलढाणा जिल्हा मध्यवर्ती बँक परवान्याअभावी बंद पडायच्या बेतात आली. २०१४ मध्ये केंद्राने अशा २३ जिल्हा बँकांसाठी २,३७५ कोटींची योजना मंजूर केली. त्यात आपलीही बँक होती. बँक सावरली, याचे आम्हाला दुःख नाही. प्रश्न एवढाच, की बुडीत बँकेला दुसरी संधी मिळते, मग कपाशी-ज्वारीत बुडालेल्या खातेदाराला का नाही?

पीककर्ज दोन हंगाम थकले की खाते बुडीत धरतात. ही नोंद सिबिलसारख्या कंपन्यांकडे जाते. तडजोड करून पैसे भरले, तरी नोंद ‘सेटल्ड’ अशीच उरते. मग पोराच्या शिक्षणकर्जातही बापाची ही नोंद आडवी येते. १९२० च्या नादारी कायद्याने कोर्ट प्रामाणिक कर्जदाराला देण्यातून मोकळे करू शकते. पण संगणकातली नोंद त्याने पुसली जात नाही.

पीककर्जाला सिबिलची अट लावू नका, असे राज्य सरकारने २०२५ मध्ये बँकांना बजावले. तोंडी नकार ऐकून परतू नका. कारण लेखी मागा. सिबिलचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो काढा. कर्ज फिटले असेल तर नो-ड्यूज दाखला घ्या, सातबाऱ्यावरचा बोजा उतरवा. नोंद चुकीची असेल तर लेखी तक्रार करा. ३० दिवसांत निकाल न लागल्यास रोज १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

बुडवणारा आणि बुडालेला यांतला फरक संगणकाला कळत नाही. तो सांगायला आपणच उभे राहिले पाहिजे.