सात किलो दोनशे ग्रॅम

गेल्या शनिवारी माझं विमान एकदाचं उडालं. फोनवर बाबांना हे सांगितलं तेव्हा पलीकडे क्षणभर शांतता, आणि मग, "अरे, डॉक्टरेट झाली, पोरगी शाळेत जायला लागली, आणि तू अजून खेळण्यातली विमानं उडवतोस?"

त्यांचं चूक नाही. कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये बाल्साच्या लाकडाची ग्लायडर्स करायचो तेव्हाही ते हेच म्हणायचे. पण हे खेळणं जरा मोठं आहे. पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत सव्वादोन मीटर. गाडीची मागची सीट पाडल्याशिवाय आत जात नाही. हवेत कोलांट्या मारायच्या, उलटं उडायचं, शेपटीवर उभं राहायचं, यासाठी बनवलेलं. सहा-सहा सेलच्या दोन लिथियम पॉलिमर बॅटऱ्या एकामागे एक जोडल्या की पूर्ण चार्जला 50.4 व्होल्ट. पूर्ण जोर दिला की मोटर शंभरेक अँपिअर ओढते, म्हणजे घरातले दोन गिझर एकदम लावल्यासारखं. पुढे 24 इंची कार्बनचा प्रोपेलर. तो मिनिटाला सहा हजार फेरे घेत असेल तर त्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे 690 किलोमीटर भरतो. हा हिशोब मी बायकोला सांगितलेला नाही.

विजेवरच्या विमानाची एक भानगड असते. पेट्रोलचं इंजिन गुरगुरत असतं, त्यामुळे माणूस आपोआप लांब राहतो. हे मात्र बॅटरी जोडली तरी गप्प बसून असतं. चुकून थ्रॉटलला हात लागला की थेट कामाला लागतं.

आता मुद्दा वजनाचा. मॉडेल एअरोनॉटिकल असोसिएशन ऑफ ऑस्ट्रेलिया ही इथली हौशी विमानवाल्यांची संघटना. तिच्या नियमांप्रमाणे सात किलोच्या वरचं मॉडेल 'जड' धरतात, आणि ते उडवण्याआधी अनुभवी माणसाकडून तपासून घेऊन परवाना काढावा लागतो. माझं विमान बॅटऱ्यांसकट भरलं सात किलो दोनशे ग्रॅम!

एक नाशिककर मित्र लगेच म्हणाला, "अरे, वजनाच्या वेळी छोट्या बॅटऱ्या लाव. दोनशे ग्रॅमसाठी कोण बघतंय!" खोटं कशाला बोलू, दोन दिवस माझ्याही डोक्यात तेच घोळत होतं. शेवटी मुकाट्याने फॉर्म भरला. प्रामाणिकपणापेक्षा आळस जास्त होता, छोट्या बॅटऱ्या विकत कोण आणणार!

तपासायला आले ते सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त फिटर. मेलबर्नपासून तासाभरावर, मेंढ्यांच्या कुरणाला लागून असलेल्या आमच्या धावपट्टीवर, डोक्यावर कापडी टोपी. मी बोलता बोलता सुचवून पाहिलं की माझी पीएचडी कंट्रोल सिस्टिम्समध्ये आहे. "छान," म्हणाले, आणि बिजागऱ्या ओढून बघत राहिले. प्रत्येक स्क्रू, प्रत्येक दांडी हलवून पाहिली. मग प्रोपेलर काढायला लावला, मोटर हळू चालू करायला सांगितली आणि म्हणाले, "आता हातातला ट्रान्समीटर बंद कर."

केला. मोटर चालूच राहिली.

रेडिओचा संपर्क तुटला की मोटर थांबलीच पाहिजे. याला फेलसेफ म्हणतात. माझ्या रिसिव्हरमध्ये ते 'शेवटची आज्ञा धरून ठेव' असं राहिलं होतं, आणि मी ते तपासलंच नव्हतं. हवेत संपर्क तुटला असता तर सव्वासात किलोचं धूड भर वेगात मेंढ्यांच्या दिशेने, किंवा पार्किंगमधल्या पोरांच्या दिशेने गेलं असतं. ज्या विषयात डॉक्टरेट, त्याच विषयात भर माळावर नापास.

मला राग आला, आणि लिहायचंय ते त्या रागाबद्दलच. आपल्याकडे तपासणी म्हणजे अविश्वास. "माझ्या कामावर शंका घेताय?" हे वाक्य मी पुण्याच्या नोकरीत कितीदा ऐकलं, आणि स्वतःही बोललो. वरिष्ठाचं काम कनिष्ठाने तपासायचं नाही, डिग्रीवाल्याचं काम बिनडिग्रीवाल्याने तर नाहीच. पण मोटरला माझी डिग्री कुठे माहीत होती!

म्हातारेबुवांनी मग चहा पाजला आणि लॉरेन्स हारग्रेव्हची गोष्ट सांगितली. 1966 ते 1994 इथल्या वीस डॉलरच्या नोटेवर याचंच चित्र होतं. सिडनीच्या दक्षिणेला स्टॅनवेल पार्कच्या किनाऱ्यावर 12 नोव्हेंबर 1894 रोजी हा गृहस्थ चार पेटीपतंग जोडून त्यांच्याखाली बसला आणि 16 फूट वर गेला. फक्त सोळा फूट. त्याआधी वर्षानुवर्षं रबरबँडवर, दाबलेल्या हवेवर चालणारी मॉडेल्स करत होता. पेटंट घेतलं नाही, उलट केलेलं सगळं न्यू साउथ वेल्सच्या रॉयल सोसायटीपुढे मांडत आणि छापत राहिला.

मला अर्थातच आपले शिवकर बापूजी तळपदे आठवले. त्यांनी 1895 मध्ये गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं असं लहानपणापासून ऐकलेलं. अगदी हारग्रेव्हनंतर एकच वर्ष! कुणी दीड हजार फूट म्हणतं, 2015 मध्ये तर सिनेमाही निघाला. पण विमानाचं वजन किती, ताकद कशाची, किती वेळ हवेत होतं, याची भरवशाची नोंद आपल्या हातात नाही. तळपद्यांना मी लबाड म्हणत नाहीये, नुसत्या कल्पनेपायी घर जाळणारी माणसं मला आवडतात. पण त्यांचे दीड हजार फूट मी इथे कुणाला सांगू शकत नाही, आणि हारग्रेव्हचे सोळा फूट हे लोक नोटेवर छापत होते. (इथलं सगळंच आदर्श आहे असं समजू नका. त्या फॉर्ममध्ये एकच माहिती तीनदा भरावी लागते.)

असो. फेलसेफ नीट करून पुढच्या शनिवारी पुन्हा गेलो. या वेळी ट्रान्समीटर बंद करताच मोटर थांबली. मग दूर जाऊन रेंज तपासली, सुकाणू उलटसुलट तर जोडलेले नाहीत ना ते पाहिलं, आणि घड्याळात फक्त चार मिनिटं लावली. पंधरा-वीस फुटांतच विमान जमीन सोडून वर. माझे गुडघे लटपटत होते. उजवीकडे ट्रिमच्या दोन टिचक्या द्याव्या लागल्या. बऱ्याच उंचीवर नेऊन वेग कमी केला, ते कसं कोसळतं ते पाहिलं. सरळ खाली नाक टाकलं, एकाही पंखावर कललं नाही. मग उलटं केलं, तर नाक जमिनीकडे झुकायला लागलं आणि काठी बरीच पुढे ढकलावी लागली.

उतरल्यावर म्हातारेबुवांनी पहिला प्रश्न विचारला, "चार्ज किती परत भरला?" 2600 मिलीअँपिअर-तास, म्हणजे पाच हजारांतले निम्म्याहून थोडे जास्त. ते मी वहीत लिहिलं. फेलसेफचं नापासही आधीच्या पानावर तारखेसकट लिहून ठेवलंय.

नाक जड आहे. पुढच्या शनिवारी बॅटऱ्या अर्धा इंच मागे सरकवून बघायच्यात.