नाकारलं की जपलं?

बर्मिंगहॅमच्या एका वाचक भगिनीचं पत्र गेले तीन आठवडे आमच्या टेबलावर आहे. त्या मूळच्या दापोलीकडच्या, लग्नानंतर तिकडे गेल्या. त्यांच्या शेजारी एक इंग्रज बाई राहतात. बाईंच्या चोवीस वर्षांच्या मुलाला बायपोलरचा आजार आहे. कधी महिनाभर अंथरुणातून उठत नाही, कधी आठवडाभर झोपत नाही. हा मुलगा विक्का नावाच्या पंथात रमला. त्याने दीक्षा मागितली, आपला आजार न लपवता सांगितला, आणि गटाने तूर्त दीक्षा नाकारली. आई कुंपणापाशी उभी राहून रडली, "सगळ्यांनी दूर केलं, आता यांनीही." भगिनी विचारतात, मी तिला काय सांगू?

उत्तर देण्याआधी आम्हालाही वाचावं लागलं. विक्का हा जुना पंथ नव्हे. इंग्लंडमध्ये चेटकाविरुद्धचा 1735 चा कायदा 1951 साली रद्द झाला, आणि 1954 मध्ये जेराल्ड गार्डनर यांनी पुस्तक लिहून या पंथाची जगाला ओळख करून दिली. ही मंडळी स्वतःला 'विच' म्हणवतात, त्यामुळे आपल्या डोळ्यांसमोर करणी, लिंबू-मिरची उभी राहते. प्रत्यक्षात ते निसर्ग, चंद्राच्या कला, एक देवी आणि एक देव यांची उपासना करतात. आपल्या अकिद्याशी त्याचा मेळ बसत नाही हे सांगायला नको. पण भगिनींनी अकिद्याचं विचारलेलंच नाही.

त्यांच्या गटाला कोवेन म्हणतात. परंपरेने तेरापर्यंत माणसं, बहुधा कोणाच्या तरी घरी जमणारी. सगळ्यांवर हुकूम चालवणारी मध्यवर्ती संस्था नाही, कोणाला घ्यायचं ते त्या त्या गटाने ठरवायचं. दीक्षेआधी एक वर्ष आणि एक दिवस शिकावं, अशी अनेक गटांत रीत आहे. म्हणजे हे आपल्या जुम्म्यासारखं नाही, की कोणीही यावं आणि सफीत उभं राहावं. हे घरात माणूस घेण्यासारखं आहे.

अशा ठिकाणी मनाने थकलेली माणसं का जातात, ते समजण्यासारखं आहे. 'मला कोणीतरी दिसलं', 'मला आवाज आला' असं म्हटलं की बाहेर लोक हसतात, तिथे ऐकून घेतात. पण खरी अडचणही इथेच आहे. तान्या लुर्मन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ 1980 च्या दशकात लंडनमध्ये अशा गटांत राहून अभ्यास करत होत्या. डोळे मिटून चित्रं पाहायचा सराव त्यांनीही केला. एका सकाळी जाग आली तर खिडकीशी सहा प्राचीन पुरोहित उभे! क्षणात नाहीसे झाले. बाई ठणठणीत होत्या, त्यांनी ते लिहून ठेवलं आणि कामाला लागल्या. आधीच आवाजांनी हैराण असलेल्या माणसाला हाच सराव कुठे नेईल?

याच लुर्मनबाईंनी पुढे सहकाऱ्यांसह कॅलिफोर्निया, घानातलं आक्रा आणि आपलं चेन्नई इथल्या साठ रुग्णांशी त्यांच्या आवाजांबद्दल बोलून पाहिलं. अमेरिकेतले आवाज पुष्कळदा मारामारीचे, छळणारे. चेन्नईत बऱ्याच जणांना नातेवाईकच ऐकू येत, घरातली कामं सांगणारे, रागावणारे. आजार तोच, पण भोवतालची माणसं कशी आहेत याचा रंग त्यावर चढतो. म्हणूनच 'ही देवाची देणगी आहे, गोळ्यांनी ती बोथट होईल' असं सांगणारा गट आम्हाला नकार देणाऱ्या गटापेक्षा जास्त घातक वाटतो. असं सांगणारे फक्त विलायतेतच असतात असंही नाही. तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली, त्यात साखळीने बांधलेले 28 मनोरुग्ण गेले. त्यांना घरच्यांनी शिफा मिळेल म्हणूनच तिथे सोडलं होतं.

आता पत्राचं दुसरं पान. गटप्रमुख बाई मुलाला म्हणाल्या, आमचे पौर्णिमेचे विधी मध्यरात्र उलटेपर्यंत चालतात, काही विधींआधी उपास असतो. तू लिथियम घेतोस. तुझी झोप तुटली तर आजार उसळेल, पाणी कमी पडलं तर औषध रक्तात वाढेल. डॉक्टरांशी बोल, वर्षभर सावर, मग पाहू. तोवर महिन्याच्या खुल्या बैठकीला येत जा.

आम्हाला हे वाचून बाईंचं कौतुक वाटलं. लिथियमवरच्या माणसाने रोजे धरण्याआधी डॉक्टरांना विचारावं, हे आपल्या किती घरांत माहीत आहे? बाईंनी त्याला वेडा म्हटलं नाही, गोळ्या सोड म्हटलं नाही, दीक्षा देऊन कौतुकही मिरवलं नाही. हे जपणंच झालं.

तरी एक गोष्ट खटकली. पत्रानुसार त्यानंतर मुलगा सहा आठवडे खुल्या बैठकीला गेला नाही, आणि गटातल्या एकाचाही फोन आला नाही. 'येत जा' म्हणणं सोपं. ज्याला पलंगावरून उठवत नाही, तो कसा येणार? आईचे अश्रू दीक्षेपेक्षा या सहा आठवड्यांचे असावेत, असा आमचा अंदाज.

भगिनींना आम्ही कळवलं आहे: शेजारणीला सांगा, त्या बाईंनी वाईट केलं नाही, पण त्यांना फोन करून मुलगा घरीच बसून आहे हे जरूर कळवा. आणि आपणही एक करा. पत्राच्या समासात आपण लिहिलंय की बरा असताना तो ईदला सांदण खायला कुंपण ओलांडून यायचा, यंदा आला नाही. ताट घेऊन आपण जा. त्याने दार उघडलं नाही तर आईपाशी ठेवा, आणि पुढच्या जुम्म्याला परत जा.