महिषासुराचे मस्तक आणि मराठी कादंबरी

कळवण तालुक्यातील सप्तशृंगगडावर देवीच्या पायऱ्यांच्या पायथ्याशी महिषासुराचे दगडी मस्तक आहे. देवीने ज्याचा वध केला त्यालाही हात जोडून भाविक वर जातात. या साध्या आचारातील नैतिक गुंतागुंत पेलणारी अद्भुत कादंबरी मराठीत का रुजली नाही, या प्रश्नाला आपल्या समीक्षेकडे एक ठरीव उत्तर असते: अद्भुत म्हणजे पलायन, क्रांती हा वास्तववादाचा प्रांत. हे उत्तर मला केवळ चुकीचे नव्हे, आळशीपणाचे वाटते.

भालचंद्र नेमाडे यांनी 'यमुनापर्यटन' (1857), 'मुक्तामाला' (1861) आणि 'मोचनगड' (1871) यांवरून मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती मांडल्या. वर्गीकरण उपयुक्त होते; पुढे मात्र 'मुक्तामाला प्रवृत्ती' हे दूषणच होऊन बसले. वस्तुतः हळब्यांच्या कादंबरीचे वैगुण्य अद्भुततेत नाही. सज्जन कोण, दुर्जन कोण आणि अखेर सरशी कोणाची, हे तीत आधीच ठरलेले आहे, हे तिचे खरे वैगुण्य. जमीनदार पहिल्या पानापासून दुष्ट आणि कूळ शेवटच्या पानापर्यंत निष्पाप अशा वास्तववादी म्हणवणाऱ्या कादंबऱ्यांतही तेच असते. तेथे आपण त्याला बांधिलकी म्हणतो, इतकेच.

नेओमी नोविक यांच्या 2006 पासून प्रसिद्ध झालेल्या 'टेमरेअर' मालिकेतील ड्रॅगन नेपोलियनविरुद्ध इंग्लंडसाठी लढतो. (मालिका सर्वत्र सारखी कसदार नाही.) चीनमध्ये आपले जातभाई नागरिक म्हणून वावरताना पाहिल्यावर तो हक्कांची आणि वेतनाची भाषा बोलू लागतो. इंग्रज सरकार शत्रूच्या ड्रॅगनांत मुद्दाम साथ सोडते, तेव्हा तो आणि त्याचा कप्तान औषध फ्रान्सला पोचवतात. हा देशद्रोहच, पण तो केला नसता तर एका जातीचा निर्वंश झाला असता. पुढे नेपोलियन इंग्लंडच्या भूमीवर उतरतो. योग्य कृतीचीही किंमत असते, आणि ती इतरांनाही मोजावी लागते.

अर्थात ड्रॅगन आयात करण्याची गरज नाही. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'त (1873) मत्स्य, कच्छ, वराह या अवतारकथांमागे आक्रमणाचा इतिहास वाचला आणि बळीला न्यायी राजा म्हणून उभे केले. तो वादग्रंथ होता; बाजू घेणे त्याचे कामच होते. कादंबरीकाराला तेथे थांबता येत नाही. देव-दैत्यांच्या मुखवट्यांची अदलाबदल म्हणजे क्रांती नव्हे. बळीच्या राज्यात नांगर कोणाच्या हाती होता? त्याने वचन पाळले, त्याचे भोग कोणाच्या वाट्याला आले?

यावर आक्षेप येईल की संदिग्धतेने शोषक आणि शोषित यांतला भेद पुसला जातो. संदिग्धता म्हणजे तटस्थता नव्हे. मार्च 2018 मध्ये नाशिकहून वनजमीन कसणारे आदिवासी मुंबईपर्यंत चालत गेले. त्यांची मागणी न्याय्य होती, हे ठरवायला कादंबरी लागत नाही. कादंबरी लागते ती त्यानंतर: मिळालेली जमीन कोणाच्या नावे लागते, भावाच्या की बहिणीच्या, हे विचारायला. तो प्रश्न महिषासुराच्या मस्तकाने विचारला तर आपण त्यालाही 'मुक्तामाला प्रवृत्ती' म्हणून बाजूला सारणार काय?